मेमधली संधी फेब्रुवारीत ठरते: गावातल्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सुट्टी आणि कॉलेजच्या तयारीच्या योजना

तुमच्या घरात नववी ते बारावीत शिकणारे कोणी असेल आणि शाळा गावातली असेल, तर हा लेख सुट्टी लागल्यावर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी वाचावा असा आहे. कारण सोपे आहे. मे महिन्यात सरकारी खर्चाने दोन आठवडे शिकायला जायचे असेल तर त्याचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावा लागतो, आणि त्या अर्जात जे गुण धरले जातात ते आठवीतले असतात. म्हणजे सुट्टीतली संधी सुट्टीत मिळत नाही. ती त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी कमवावी लागते. शहरातल्या शाळा हे वेळापत्रक पाठ करून बसलेल्या असतात. गावात ते पोहोचते तेव्हा बहुधा शेवटची तारीख उलटलेली असते.

केंद्र सरकारच्या ज्या योजना या वयाच्या मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत नेण्यासाठी आहेत, त्या कशा चालतात, त्यांत गावच्या मुलाला नेमका किती वाटा आहे आणि कुठे पाय घसरतो, हे पुढे सांगितले आहे.

आधी परिस्थिती

उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वयोगटातले कॉलेजातले एकूण नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आता दुसरीकडचे चित्र पाहा. ‘असर’ या ग्रामीण पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींकडे पाहिले. त्यातले सुमारे ८७ टक्के कुठे ना कुठे शिकत होते. पण जवळपास एक चतुर्थांश मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे साधारण ४३ टक्क्यांनाच जमत होते.

हे आकडे एकत्र वाचले की प्रश्न कळतो. मुले शाळेत टिकली आहेत, कॉलेजची स्वप्नेही पाहत आहेत. मधली तयारी कच्ची आहे. ती भरून काढायला सर्वांत मोठा सलग वेळ म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. आणि नेमक्या त्याच वेळी शाळेला कुलूप असते.

शिवाय गावात मे महिना मोकळा नसतो. खरिपाआधीची मशागत असते, लग्नसराई असते, गडचिरोली-गोंदियाकडे घरची घरे तेंदूपत्त्याला जातात, कोकणात आंब्याचे दिवस असतात. दहावी झालेल्या मुलीच्या बाबतीत तर घरात वेगळीच चर्चा याच महिन्यात सुरू होते. लग्नाचे कायदेशीर वय १८ आहे हे सगळ्यांना माहीत असते. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात पुढच्या वर्षाचे काही ठोस कारण नसले, प्रवेशपत्र, निवडपत्र, शिष्यवृत्तीचा कागद नसला, तर तिची बाजू घरात कमकुवत पडते. म्हणून या योजनांकडे ‘हुशार मुलांसाठी काहीतरी’ एवढ्याच नजरेने पाहू नका.

इस्रोची ‘युविका’: जागा थोड्या, पण गावाला १५ गुण

उन्हाळी म्हणावा असा, पूर्ण सरकारी खर्चाचा आणि ग्रामीण शाळेला उघडपणे झुकते माप देणारा कार्यक्रम म्हणजे इस्रोचा युवा विज्ञानी कार्यक्रम, म्हणजेच युविका. तो २०१९ मध्ये सुरू झाला. त्या वर्षाच्या १ जानेवारीला नववीत शिकत असलेला विद्यार्थी पात्र ठरतो. साधारण दोन आठवडे मुले इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहतात: तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, बंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, डेहराडून, शिलाँग. शास्त्रज्ञांशी बोलणे, प्रयोगशाळा पाहणे, हाताने काही बनवणे असा दिनक्रम असतो. राहणे, जेवण, साहित्य इस्रोचे. रेल्वेचे थर्ड एसीचे भाडेही मिळते. मात्र ते मूळ तिकीट दाखवल्यावर परत मिळते. सुरुवातीचे पैसे घरूनच घालावे लागतात, हे आधी हिशेबात धरा.

२०२५ मध्ये नोंदणी २४ फेब्रुवारी ते २३ मार्च अशी होती आणि कार्यक्रम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाला. दरवर्षी तारखा थोड्या पुढेमागे होतात, हंगाम तोच राहतो.

निवडीचे गणित मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. एकूण १०० गुण. आठवीच्या गुणांना ५०. ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०. विज्ञान प्रदर्शनातल्या सहभागाला जास्तीत जास्त १०; शाळा पातळीवर २, जिल्हा पातळीवर ५, राज्य किंवा त्यावर १०. ऑलिंपियाड किंवा तत्सम स्पर्धेतल्या बक्षिसाला जास्तीत जास्त ५. क्रीडा स्पर्धेतल्या यशाला जास्तीत जास्त ५. स्काउट-गाइड, एनसीसी किंवा एनएसएसला ५. आणि पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकत असल्याबद्दल १५.

हे १५ गुण ऐकायला भरघोस वाटतात. पण बेरीज करून पाहा: ऑलिंपियाड, क्रीडा आणि स्काउट मिळून बरोबर १५ होतात. म्हणजे शहरातल्या शाळेत जे सहज मिळते आणि गावात मिळत नाही, त्याची ही भरपाई आहे, आघाडी नव्हे. समजा गावातल्या मुलीला आठवीत ८४ टक्के आहेत. त्याचे ४२ झाले. प्रश्नमंजूषेत ७, जिल्हा विज्ञान प्रदर्शनाचे ५, पंचायत क्षेत्राचे १५. एकूण ६९. शहरातल्या मुलाचे ९६ टक्क्यांचे ४८, प्रश्नमंजूषेत ९, राज्य प्रदर्शनाचे १०, ऑलिंपियाडचे ५, खेळाचे २, स्काउटचे ५ असे ७९ होतात. दहा गुणांनी मुलगी मागे राहिली. तिच्या शाळेत गाइडचे पथक असते, तालुका पातळीवर धावलेल्या शर्यतीचे प्रमाणपत्र कुणी जपून ठेवले असते, तर अंतर तीन-चार गुणांवर आले असते.

आम्हाला यातून निघणारा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा वाटतो. सहावी-सातवीतल्या मुलाने विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला की त्याचे प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलमध्ये जायला हवे. बऱ्याच शाळा शालेय पातळीवरच्या प्रदर्शनाचे प्रमाणपत्र देतच नाहीत, टाळ्या वाजवून मुलांना घरी पाठवतात. मुख्याध्यापकांना विनंती करून लेखी घ्या. आणखी एक अडचण महाराष्ट्रातल्या शाळांची: आठवीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकावर श्रेणी असते, अर्जात गुण किंवा टक्के विचारतात. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा गुणांचा दाखला लागेल, आणि तो शाळा भरलेली असतानाच मागितलेला बरा.

जागा किती? अलीकडच्या वर्षांत देशभरातून साडेतीनशेच्या आसपास मुले निवडली गेली. प्रत्येक राज्याला आणि केंद्रशासित प्रदेशाला किमान प्रतिनिधित्व असते. देशातल्या नववीच्या मुलांची संख्या लक्षात घेतली तर हा थेंबच. तरी अर्ज भरावा असे आमचे मत आहे, कारण त्यासाठी गोळा केलेली कागदपत्रे पुढे चार ठिकाणी उपयोगी पडतात.

एनएमएमएस: संख्या मोठी, गळतीच्या जागाही मोठ्या

युविका दिसायला मोठी, पण गावातल्या सामान्य कुटुंबाला खरा आधार देते ती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, एनएमएमएस. २००८ पासून सुरू. देशभरात वर्षाला एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. आठवीत परीक्षा, उत्तीर्ण होऊन कोट्यात नाव आले की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० होतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे, सातवीत किमान ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत), आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि विनाअनुदानित शाळांतली मुले यात येत नाहीत. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ९० प्रश्न.

ही योजना सुट्टीची नाही, मग या लेखात का? कारण सुट्टीत मुलाला मजुरीला पाठवायचे की पुस्तक घेऊन बसवायचे, हा निर्णय बहुतेक वेळा पैशाचा असतो. महिन्याला हजार रुपये ही रक्कम २०१७ नंतर वाढलेली नाही आणि आज ती तोकडीच आहे. तरीही मोबाइलचा रिचार्ज, तालुक्याचा एसटी पास आणि दोन संदर्भपुस्तके तिच्यात बसतात.

आता गळतीच्या जागा. पहिली: परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणजे पैसे सुरू, असे समजून घर शांत बसते. तसे नसते. निवड झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, शाळेने आणि नंतर जिल्ह्याने तो पडताळायचा असतो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचे असते. दुसरी: बँक खाते विद्यार्थ्याच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले नसले की पैसे अडकतात.

तिसरी जागा सर्वांत महागाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. दहावीनंतर मूल अकरावीला कुठे जाते यावर पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. दहावीत साधारण ६० टक्के लागतात, आणि अकरावी-बारावीही सरकारी किंवा अनुदानित संस्थेतच शिकावी लागते. गावातल्या पालकांना मात्र नेमके याच वेळी ‘कॉलेज आणि क्लास एकत्र’ असे पॅकेज विकले जाते. ते कॉलेज अनेकदा स्वयंअर्थसहाय्यित असते. तिथे प्रवेश घेतला की उरलेले २४,००० रुपये गेले. कुणी जाणूनबुजून, हिशेब करून तो निर्णय घेत असेल तर हरकत नाही. पण कळल्यावर हळहळणारी घरेच जास्त. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात एवढाच प्रश्न विचारा: ही तुकडी अनुदानित आहे का? एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते.

महाराष्ट्रातल्या मराठा-कुणबी समाजातल्या ज्या मुलांनी एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण केली पण कोट्यात नाव आले नाही, त्यांच्यासाठी ‘सारथी’ची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. बेळगाव, बऱ्हाणपूर, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे की एनएमएमएस परीक्षा प्रत्येक राज्य आपली आपण घेते. अर्ज शाळा जिथे आहे त्या राज्यात करायचा, मूळ गाव कुठले याला महत्त्व नाही.

मुली आणि विज्ञान

‘असर’च्या त्याच पाहणीत अकरावीपासून पुढे शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुले कला शाखेत होती. विज्ञान-गणिताच्या शाखांत मुलगे ३६ टक्के आणि मुली २८ टक्के. कला शाखा वाईट असे कुणी म्हणत नाही. पण जवळच्या कॉलेजात विज्ञान शाखाच नाही म्हणून मुलगी कलेला गेली, तर ती तिची निवड नव्हे.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘विज्ञान ज्योती’ यासाठीच २०१९-२० मध्ये सुरू झाली. नववी ते बारावीच्या मुलींसाठी जवाहर नवोदय विद्यालये केंद्र म्हणून काम करतात. सुरुवातीला अशी ५० केंद्रे होती, नंतर ती बरीच वाढली. पालकांसह समुपदेशन, जवळच्या प्रयोगशाळांना भेटी, विज्ञान शिबिरे, अभ्यासाचे जादा वर्ग अशी तिची रचना आहे. पालकांना सोबत बसवण्याची कल्पना आम्हाला या योजनेतली सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ‘मुलीला तालुक्याला पाठवू की नको’ हे शेवटी वडील आणि आजी ठरवतात. आपल्या जिल्ह्यातले नवोदय विद्यालय यात आहे का आणि आसपासच्या शाळांतल्या मुलींना घेते का, हे प्राचार्यांना थेट विचारावे.

ज्या पायऱ्या मोडल्या

थोडे मागे जाऊ. १९६३ पासून चाललेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा दहावीत असे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे केव्हीपीवाय, १९९९ पासून अकरावीपासूनच्या मुलांना मूलभूत विज्ञानाकडे ओढत असे. पहिलीची मंजुरी मार्च २०२१ पर्यंतच होती. त्यानंतर ती थांबली. दुसरी २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. विलीनीकरणाने पैसा कदाचित वाचला नसेल, पण एक गोष्ट हरवली. आठवीत एनएमएमएस, दहावीत प्रज्ञाशोध, अकरावीत केव्हीपीवाय अशा पायऱ्या असताना गावातल्या एखाद्या तळमळीच्या शिक्षकाला ‘पुढच्या वर्षी ही परीक्षा दे’ असे सांगता येत होते. आज नववीतल्या युविकेनंतर बारावीच्या निकालापर्यंत केंद्राची त्या तोडीची सर्वांना खुली पायरी शोधावी लागते.

त्यातून दहावीनंतरची सुट्टी उघडी पडली आहे. महाराष्ट्रात दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. २०२५ चा निकाल १३ मेला लागला. अकरावीचे वर्ग भरेपर्यंत पावसाळा लागलेला असतो. शालेय आयुष्यातली ही सर्वांत लांब रिकामी जागा, तीन महिन्यांहून मोठी, आणि तिच्यासाठी एकही निवासी किंवा तालुका पातळीवरची केंद्रीय योजना नाही. बाजाराने ती जागा केव्हाच ओळखली. लातूर-कोट्याच्या ‘फाउंडेशन बॅच’च्या जाहिराती एप्रिलमध्ये गावच्या एसटी थांब्यावर लागतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. आधीच्या सुमारे १०,००० आहेतच. पण शाळेला सुट्टी लागली की प्रयोगशाळेलाही कुलूप लागते. नव्या इमारतीचा, नव्या यंत्रांचा खर्च न करता फक्त एका शिक्षकाचे सुट्टीतले मानधन आणि शिपायाची हजेरी एवढी तरतूद केली तर दहावी झालेल्या मुलांना तिथे दोन महिने शिकता येईल. २०२५ च्या उन्हाळ्यात शिक्षण मंत्रालयाने शाळांत दुसऱ्या भारतीय भाषेची ओळख करून देणारी आठवडाभराची शिबिरे घेतली. म्हणजे सुट्टीत शाळा उघडता येते, हे सिद्ध झालेले आहे.

प्रवेश परीक्षांची तयारी: फुकट आहे, पण मोबाइल कोणाचा?

२०२३ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी ‘साथी’ हे संकेतस्थळ सुरू केले. जेईई, नीट, सीयूईटी अशा परीक्षांची व्याख्याने, सराव प्रश्न, चाचण्या तिथे विनामूल्य आहेत. क्लासची फी परवडत नाही अशा घरासाठी ही खरोखर मोठी सोय आहे आणि ती आहे हेच अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत माहीत नसते. अडचण दुसरीच. ‘असर’ला असे दिसले की स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २० टक्क्यांकडे. घरात एक फोन, तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात, आणि मुलीच्या वाट्याला रात्री दहानंतरचा तास. सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटने जोडण्याचीही घोषणा २०२५-२६ च्याच अर्थसंकल्पात आहे. तुमच्या शाळेत जोडणी आली असेल तर दुपारनंतर संगणक कक्ष उघडा ठेवण्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी मांडा. समितीत पालक सदस्य असतातच.

महाराष्ट्रात इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ दहावीनंतर जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीचे विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि सोबत टॅब देते. फोनचा वरचा प्रश्न सोडवणारी ही मोजक्या योजनांपैकी एक.

भाषेबद्दल एक गैरसमज अजून आहे. जेईई मेन, नीट आणि सीयूईटी या तिन्ही परीक्षा १३ भाषांत देता येतात आणि त्यात मराठी आहे. सीयूईटी २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाचा मुख्य दरवाजा आहे. प्रश्नपत्रिका मराठीत मिळाली तरी पुढचे वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात, म्हणून बारावीच्या सुट्टीत इंग्रजी वाचनाची सवय लावणे हे कुठल्याही क्रॅश कोर्सइतकेच उपयोगी.

बारावीनंतरच्या पैशाबद्दल थोडक्यात

बारावीत मंडळाच्या ८० व्या शततमकाच्या वर असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. देशभरात ८२,००० जागा. मंडळातल्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान निवडणाऱ्यांना ‘इन्स्पायर’मध्ये वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, आणि त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास ‘पीएम विद्यालक्ष्मी’तून जामिनाशिवाय, तारणाशिवाय कर्ज. महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे.

या सगळ्यांना लागणारा सामाईक कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला, आणि तिथेच वेळापत्रक पुन्हा आडवे येते. दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. मार्चमध्ये काढलेला दाखला काही आठवड्यांत जुना होतो, आणि मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळ्या तालुक्याची रांग असते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, परीक्षा संपून लग्नाचे मुहूर्त सुरू होण्याआधी, तलाठ्याचा अहवाल घेऊन नवा दाखला काढून ठेवा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर तेही त्याच फेरीत मागा. आधारवरचे आणि शाळेच्या दप्तरातले नाव एकच आहे ना, हे नववीतच तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकीचे नाव छापून आले की पुढे ते बदलायला मंडळाच्या विभागीय कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागतात.